गाळ निजतो कुठे? कोकणच्या खाडीतून पहिली नळी काढणाऱ्यांसाठी

दर हिवाळ्यात भूगोल आणि भूशास्त्र शिकणारी मुलं मला एकच प्रश्न विचारतात. खाडीच्या गाळात शेकडो वर्षांचा पाऊस नोंदलेला असतो असं वाचलंय. मग आमच्या गावच्या खाडीत नळी खुपसली तर तो दिसेल का? दिसेल, पण कुठेही खुपसून दिसणार नाही. गाळ जिथे पडला तिथेच स्वस्थ राहिला असेल, तरच त्यात काळाचा क्रम टिकतो. म्हणून मोसमी पाऊस, दुष्काळ, समुद्राची पातळी हे सगळे मोठे प्रश्न घटकाभर बाजूला ठेवा. गाळाला आधी एवढंच विचारा: पडल्यापासून तू हललास का?

ज्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नाही, पण जवळ एक खाडी आहे, सोबतीला एक मित्र आहे आणि सुट्टीचे काही दिवस आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी नॉर्वेचा गाळ समजून घ्या

गाळाच्या अभ्यासात फियोर्डांचं नाव सतत येतं, त्यामागचं कारण कळलं की आपल्या खाडीत काय शोधायचं तेही कळतं. फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि बर्फ वितळल्यावर समुद्राने भरलेली खोल दरी. नॉर्वेचा सॉग्नेफियोर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि आत १३०० मीटर खोल जातो. पण समुद्राला मिळतो तिथे त्याचा तळ एकदम वर येऊन सुमारे शंभर मीटरांवर थांबतो. हा झाला त्याचा उंबरठा. अशा उंबरठ्यामुळे बाहेरचं पाणी आतल्या खोल डोहात सहजी उतरत नाही. उंबरठा जितका उथळ आणि अरुंद, तितका डोह कोंडलेला. काही फियोर्डांत तर तळाच्या पाण्यातला प्राणवायू पार संपून जातो. प्राणवायू नाही म्हणजे किडे नाहीत, खेकडे नाहीत, बिळं नाहीत. वरून पडलेला गाळ जसाच्या तसा राहतो.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूव्हर बेटाला लागून असलेल्या सानिच इनलेटमध्ये हे फार सुंदर दिसतं. वसंत-उन्हाळ्यात डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची कवचं तळाला बसतात, त्याचा फिकट पट्टा. हिवाळी पावसात जमिनीवरची माती येते, तिचा गडद पट्टा. एक फिकट आणि एक गडद मिळून एक वर्ष. १९९६ मध्ये जहाजावरून तिथे खोल छिद्रं घेतली गेली आणि हजारो वर्षांचे असे पट्टे हाती आले. फियोर्डांचं क्षेत्रफळ जगाच्या समुद्राच्या ०.१ टक्क्याहूनही कमी आहे, तरी समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनापैकी सुमारे ११ टक्के कार्बन त्यांच्या गाळात जातो, असा एक अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. इतका गाळ, तोही न ढवळलेला.

आता आपल्याकडे या. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होता. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या तेव्हा आजच्या किनाऱ्यावर थांबत नव्हत्या, पुढे पश्चिमेला जात होत्या. बर्फ वितळलं, पाणी चढत गेलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या जवळ आलं. समुद्र नद्यांच्या दऱ्यांत शिरला. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या आपल्या खाड्या म्हणजे या बुडालेल्या दऱ्याच. बुडालेली दरी हे फियोर्डाशी साम्य झालं, पण आपल्या दऱ्या बर्फाने नाही, पाण्याने कोरलेल्या आहेत. त्या उथळ आहेत आणि त्यांना उंबरठा नाही. मुखाशी वाळूचा दांडा असतो खरा, पण तो दर पावसाळ्यात सरकतो. दिवसातून दोनदा भरती आत शिरते आणि पाणी तळापर्यंत घुसळून काढते. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरांच्या आसपास जातो, रत्नागिरी-मालवणकडे तो बराच कमी, दोन-तीन मीटर. त्यात निवट्या, चिंबोऱ्या, कुर्ल्या रात्रंदिवस बिळं खणत असतात.

तेव्हा सानिचसारखा दरवर्षीचा जमाखर्च आपल्याला मिळणार नाही, हे आधीच मनाशी धरा. मिळेल ती दहा-वीस वर्षांची गोळाबेरीज. आणि माझ्या मते ती गोळाबेरीज अतिशय मोलाची आहे. पर्जन्यमापकांच्या सलग नोंदी आपल्याकडे जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या. भारतीय हवामान खात्याची स्थापनाच १८७५ ची. त्यामागचा कोकणातला पाऊस कुठेतरी साचून राहिला असेल, तर तो या चिखलात.

जागा निवडणं: यालाच सर्वांत जास्त वेळ द्या

नवखे लोक नळीवर आठवडा घालवतात आणि जागा पाच मिनिटांत ठरवतात. उलट करा. दोन-तीन उधाणांच्या ओहोटीला नुसतं फिरा, काही खणू नका.

मी पहिल्यांदा मालवण तालुक्यातल्या एका खाडीत गेलो तेव्हा मुख्य प्रवाहाच्या काठावर, होडी लावायला सोयीची अशी जागा धरली होती. होडीवाले काका वल्हं आडवं धरून बघत राहिले आणि म्हणाले, "हंयसर नको. थंय कांदळामागे चला. थंय पाणी निजता." पाणी निजतं! जे मी पुढे चार वर्षं शिकलो, ते त्यांनी दोन शब्दांत सांगितलं. आजही नव्या खाडीत गेलो की आधी तिथल्या मासे मारणाऱ्या माणसाला, नाहीतर कालवं काढणाऱ्या बाईला विचारतो: गाळ कुठे साचतो, कुठे वाहून जातो, कुठला दांडा कधी सरकला, कुठून वाळू काढली गेली. चांगला नकाशा असला तरी हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पाणी निजतं ती जागा साधारण अशी असते: मुख्य प्रवाहापासून बाजूला, एखाद्या वळणाच्या आतल्या अंगाला किंवा वाळूच्या दांड्यामागे, तिवराची किंवा कांदळाची जुनी झाडं असलेली, पाय टाकला की मऊ लागणारी पण दर भरतीला खरवडली न जाणारी. कांदळाची आधारमुळं आणि तिवराची जमिनीतून वर आलेली श्वासमुळं पाण्याचा वेग मोडतात, म्हणून तिथे बारीक गाळ बसतो. मात्र त्याच मुळांमुळे बिळंही जास्त असतात. मग मी काय करतो? एक हात लांब, एक हात रुंद चौकोन आखतो आणि त्यातली ताजी बिळं मोजतो. पाच-दहा ठिकाणी मोजून सर्वांत कमी बिळांची जागा धरतो. साधी युक्ती आहे, पण तिने माझ्या कितीतरी नळ्या वाचवल्या.

टाळायच्या जागा: सक्शन पंपाने वाळू उपसा होतो किंवा झाला होता ती खाडी, जेटीचा परिसर, कोळंबीच्या तलावांचे बांध, आणि खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या पट्ट्यातली, कसलेली जमीन, जिथे भातासाठी नांगर फिरलाय. जुन्या खारबंदिस्तीच्या, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आतला, वर्षानुवर्षं न नांगरलेला खोलगट तुकडा मात्र फार चांगला असतो. बांध कधी घातला, उघडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) कधी बसवली हे गावात कोणाला तरी ठाऊक असतं. बांधाआधीचा गाळ खाऱ्या पाण्यातला, नंतरचा गोड्या पाण्याकडे झुकणारा. हा बदल नळीत दिसला की तुम्हाला एक तारीख फुकट मिळाली.

फियोर्डाच्या कोंडलेल्या डोहाला कोकणात जवळची गोष्ट शोधायची तर ती खाडीत नाही, जुन्या तलावांत आहे. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० मध्ये बांधला गेला. भरती नाही, लाट नाही, आणि सर्वांत खालच्या गाळाला सुरुवातीचं वर्ष माहीत. पण तो जपलेला वारसा आहे, पहिली नळी घेऊन जाण्याची जागा नव्हे.

परवानगी

हे टाळू नका. २००५ मधल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्रातल्या कांदळवनांना कडक संरक्षण आहे. सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवनं राखीव वन म्हणून जाहीर झाली आहेत, आणि २०१२ पासून त्यांच्यासाठी वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. लेखी परवानगी घ्या, महाविद्यालयाच्या पत्रावर अर्ज केला तर काम सोपं होतं. खासगी खाजण असेल तर मालकाला आणि ग्रामपंचायतीला विचारा. एकही श्वासमूळ न तोडता काम होत नसेल तर ती जागा सोडा.

दिवस आणि वेळ: पंचांग उघडा

पावसाळ्यात जायचंच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब शिकून घ्या: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. आता आपल्या कामासाठी हिशेब करा. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. आपल्याला उधाण हवं, म्हणजे ओहोटीला चिखल पुरता उघडा पडेल. पण ऐन पौर्णिमेला सुकती, म्हणजे पुरती ओहोटी, पहाटे अंधारात येते. म्हणून मी तृतीया धरतो: भरती दुपारी सव्वादोनला, सुकती सकाळी सव्वाआठला, उधाणाचा जोर अजून उतरलेला नाही आणि उजेड भरपूर. खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा उतरतं, कुठे अर्धा तास तर कुठे त्याहून बराच जास्त, ते आधीच्या फेऱ्यांत घड्याळ लावून टिपून ठेवा. छापील भरती-कोष्टकही जवळ असू द्या.

सुकतीच्या दोन तास आधी पोचा आणि पाणी फिरलं की काम अर्धवट टाकून निघा. एकट्याने जाऊ नका. गमबूट चिखलात अडकून राहतात, त्यापेक्षा दोरीने घट्ट बांधलेले कॅनव्हासचे बूट बरे. अनवाणी तर नाहीच, कालवांच्या धारेने पाय चिरतो. उभं राहायला दोन रुंद फळ्या न्या. कमरेपर्यंत रुतलात तर धडपडू नका, फळीवर छाती टेकवून आडवे व्हा आणि एक-एक पाय सोडवा. जखम झाली तर गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना चिखलात उतरल्याचं सांगा, म्हणजे ते लेप्टोस्पायरोसिसचा विचार करतील.

नळी

नळाच्या दुकानात मिळणारा ७५ मिलिमीटर व्यासाचा, पातळ भिंतीचा पीव्हीसी पाइप घ्या, दीड मीटर लांब. खालच्या तोंडाला कानशीने बाहेरच्या बाजूने धार काढा. आतून धार काढलीत तर गाळ आत जाताना दाबला जातो. दोन टोकांना दोन टोपणं, वरच्यासाठी पाइपची गळती तपासताना लावतात तो फुगणारा रबरी प्लग मिळाला तर फारच छान. लाकडाचा ठोकळा, रबरी हातोडा, सुती दोर, मोजपट्टी, खिळा. खिळा विसरू नका, कारण पुढे सांगतो.

नळी अगदी सरळ उभी धरा आणि दोघांनी मिळून अंगाच्या भाराने हळू दाबत न्या. गोल फिरवू नका, थर पिळले जातात. अडली तरच ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. पुरेशी गेली की दोन मापं घ्या: बाहेर चिखलापासून नळीच्या तोंडापर्यंतचं, आणि आत गाळापासून तोंडापर्यंतचं. बाहेरचं माप आणि आतलं माप सारखं नसेल, आतला गाळ थोडा खाली असेल. तेवढा तो दबलाय. समजा नळी शंभर सेंटिमीटर आत गेली आणि गाळ ब्याऐंशीच भरला, तर अठरा सेंटिमीटर दाब झाला. हा आकडा तिथल्या तिथे वहीत लिहा. घरी आल्यावर तो कोणालाच आठवत नाही, आणि त्याच्याशिवाय तुमच्या सगळ्या खोल्या चुकतात. पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त दबला असेल तर मी ती नळी सोडून शेजारी दुसरी घेतो.

आता वरच्या मोकळ्या भागात खाडीचं पाणी काठोकाठ भरा आणि वरचं तोंड घट्ट बंद करा. हवा शिरायला जागा उरली नाही की गाळ निसटत नाही. दोर बांधून नळी किंचित डोलवा, चिखलाची पकड सुटू द्या, मग सावकाश वर खेचा. एकाने खेचायचं, दुसऱ्याने चिखलात हात घालून खालचं तोंड बाहेर येण्याआधीच तळव्याने झाकायचं आणि लगेच टोपण लावायचं.

आणि आता खिळा. नळीवर वरच्या दिशेचा बाण, जागेचं नाव, तारीख, नळीचा क्रमांक हे सगळं खिळ्याने कोरा. माझी सहावी नळी मी पेनाच्या शाईने लिहून आणली होती. चिखल आणि पाण्याने शाई गेली, दोन्ही टोकांना एकसारखी टोपणं होती, आणि तीन आठवड्यांनी उघडायला घेतली तेव्हा वरचं टोक कुठलं हे मला ठरवता आलं नाही. वरचा तपकिरी थर तोवर ओळखू येईनासा झाला होता. ती संपूर्ण नळी फेकावी लागली. त्या जागी पुढच्या पावसात वाळूचा दांडा सरकला, तशी नळी पुन्हा मिळाली नाही.

घरी नेताना नळी उभीच ठेवा. एसटीने जाणार असाल तर कंडक्टरला आधी सांगा, दोन पायांत धरून बसायला मागची जागा बरी पडते. लगेच उघडणार नसाल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही; बर्फाचे स्फटिक थर विस्कटतात.

चिरणं आणि पहिली दहा मिनिटं

पाइप दोन बाजूंनी लांबीला कापा, करवतीचं पातं फक्त प्लास्टिकपुरतं आत जाईल असं. मग मासे मारायची तंगूस दोन हातांत ताणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्या. नळी पेरूच्या फोडीसारखी दोन भागांत उघडते. पृष्ठभाग साफ करायला पुट्टीची पट्टी घ्या आणि आडवी फिरवा, थराच्या दिशेने. उभी फिरवलीत तर वरचा गाळ खाली फासला जातो आणि नसलेले रंग दिसू लागतात.

ताबडतोब फोटो काढा. शेजारी मोजपट्टी आणि पांढरा कागद ठेवा. खाडीचा काळा गाळ लोहाच्या सल्फाइडमुळे काळा असतो, त्याला हवा लागली की तो तपकिरी पडायला लागतो. संध्याकाळपर्यंत तुम्ही वेगळीच नळी बघत असता.

मग वही. सेंटिमीटरागणिक लिहा: रंग, वास, बोटांत चोळल्यावर खरखर लागते की लोण्यासारखं, शिंपले, मुळं, पानं, थराची कड तीक्ष्ण आहे की हळूहळू बदलत गेलीय. सडक्या अंड्याचा वास आला तर खाली प्राणवायू नाही, ही चांगली खूण.

इथे आपला मूळ प्रश्न परत येतो, आणि आता त्याचं उत्तर डोळ्यांनी मिळतं. माझ्याकडच्या एका नळीत ४१ सेंटिमीटरवर तिवराचं आख्खं पान निघालं. काळं पडलेलं, पण मधली शीर आणि कड शाबूत, आणि ते अगदी सपाट, आडवं पडलेलं. जसं पाण्यातून हेलकावत खाली आलं असेल तसंच. त्या थराला पडल्यावर कोणी हात लावलेला नव्हता. त्याच नळीत वर, १८ सेंटिमीटरवर, सुपारीएवढा फिकट गोल ठिपका होता, भोवतालच्या गाळापेक्षा मऊ. तो खेकड्याच्या बिळाचा आडवा छेद. बीळ सोडून दिल्यावर वरचा नवा गाळ त्यात भरला होता. तिथून नमुना घेतला असता तर मी वरचं वय खालच्या थराला चिकटवलं असतं. मोठं आडवं पान, न तुटलेली शिंपल्याची जोडी, पातळ पट्टे हे स्वस्थतेचे साक्षीदार. गोल ठिपके, तिरके डाग, मिसळलेले रंग हे ढवळल्याचे. नळीच्या चित्रावर दोन रंगांनी खुणा करा. ढवळलेल्या भागातून वयासाठी नमुना घेऊ नका.

घरी करता येणाऱ्या तपासण्या

एक-एक सेंटिमीटरचे काप घ्या, प्रत्येक कापाची कड, म्हणजे पाइपला लागलेला भाग, टाकून द्या. दोन चमचे गाळ गोड्या पाण्यात दोनदा धुवा, कारण मीठ राहिलं तर चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून भराभर खाली बसतात आणि हिशेब फसतो. मग उंच बरणीत पाणी घालून जोरात हलवा. दहा सेंटिमीटर पाण्यात वाळू अर्ध्या-एक मिनिटात तळ गाठते, पोयटा सहा-आठ तासांत, त्यानंतरही पाणी गढूळ राहिलं तर ती चिकणमाती. थरांची जाडी मोजा. खडबडीत हिशेब आहे, पण पन्नास कापांचा केला की कुठे पाण्याचा जोर वाढला ते स्पष्ट दिसतं. ६३ मायक्रॉनची चाळणी कोणाकडून मिळाली तर आणखी नेमकं होतं.

चाळणीवर राहिलेलं वाळवून दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. खसखशीहून लहान, शंखासारखी वेटोळी दिसतील: ही फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशी जीवांची कवचं. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात त्यातला अमोनिया नावाचा वंश फार आढळतो; कांदळवनाच्या वरच्या, कमी बुडणाऱ्या पट्ट्यात वाळूचे कण चिकटवून कवच करणाऱ्या जाती जास्त. कुठली जात कुठे राहते हे आज जिवंत नमुन्यांवरून शिकायचं, मग नळीत खाली जाताना जातींचं प्रमाण बदललं की खारेपणा आणि पाण्याची उंची कशी बदलली ते कळतं.

सेंद्रिय भाग मोजायला भट्टी लागते: वाळवलेला नमुना ५५० अंशांवर चार तास जाळून वजनातली घट बघतात. महाविद्यालयात विचारा. परागकण वेगळे काढायला मात्र घातक आम्लं लागतात, ते घरी कदापि करू नका. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि लखनऊची बिरबल साहनी संस्था यांचा या कामात दीर्घ अनुभव आहे. गोव्यात दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था समुद्राच्या गाळावर काम करते. व्यवस्थित वही आणि फोटो सोबत असले की अनुभवी माणसांशी बोलणं सोपं जातं.

वय कसं ठरतं

शेवटच्या शंभर-दीडशे वर्षांसाठी शिसं-२१०, म्हणजे शिशाचा एक किरणोत्सारी प्रकार, वापरतात. ते हवेतून सतत पडत राहतं आणि २२ वर्षांत निम्मं होतं, म्हणून खाली जावं तसं कमी होत जातं. लॉग मापाच्या आलेखावर ही घट सरळ रेषेत आली तर गाळ शांतपणे साचला. वरचे दहा-पंधरा सेंटिमीटर सगळीकडे सारखंच शिसं असेल तर तो भाग खेकड्यांनी मिसळून टाकलाय. बघा, इथेही तोच प्रश्न. सीझियम-१३७ अणुचाचण्यांमुळे आलं, त्याचा कळस १९६३ चा. त्याहून जुन्या गाळाला कार्बन-१४, ५७३० वर्षांत निम्मं होणारं. त्यासाठी शिंपल्यापेक्षा नाजूक पान किंवा बी घ्या. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन असतो, त्यामुळे शिंपल्याचं वय शेकडो वर्षांनी जास्त येऊ शकतं. जाड लाकूडही नको. ते वर कुठेतरी आधीच शंभर वर्षं पडून मग वाहत आलेलं असू शकतं.

हे सगळं महाग आहे. म्हणून आधी फुकटच्या तारखा गोळा करा. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला. काजूचा परागकण सापडलेला थर त्याआधीचा असू शकत नाही. किनाऱ्यावरचं सुरूचं बन एकोणिसाव्या शतकापासूनच्या लागवडीचं. देशात शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. वाशिष्ठीच्या खाडीत काम करत असाल तर एक मोठी खूण आहे: १९६० च्या दशकापासून कोयनेचं पाणी वीजनिर्मितीनंतर सह्याद्रीच्या पश्चिमेला वाशिष्ठीत सोडलं जातं, त्यामुळे एरवी उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीला बारमाही गोडं पाणी मिळालं. तिथल्या नळीत वरच्या भागात खारेपणा घटलेला दिसला तर पाऊस वाढला असा निष्कर्ष काढण्याआधी पोफळीचं वीजघर आठवा. आणि १८८० च्या रत्नागिरी जिल्हा गॅझेटिअरमध्ये खाड्यांतून गलबतं कुठवर जात ते नोंदलंय. तिथे आज होडी टेकत असेल, तर मधल्या काळात किती गाळ भरला याचा अंदाज येतो.

वाळूचा थर दिसला की थांबा

मऊ चिखलात अचानक चार बोटं वाळू दिसली की सगळ्यांना त्सुनामी आठवते. वास्को द गामाच्या ताफ्याला १५२४ मध्ये दाभोळजवळ समुद्र हादरल्याचा अनुभव आला, ही नोंद खरी. केळशीच्या वाळूच्या टेकडीत त्या लाटेचा पुरावा आहे असं काही संशोधकांनी मांडलं. ते सगळ्यांना पटलेलं नाही. अनुभवी लोकांत असा मतभेद असेल तर पहिल्या नळीवरून तुम्ही काही ठरवू नका.

वाळू चार वाटांनी येते. नदीचा पूर आणतो ती जांभ्याच्या लाल मातीसोबत, रानातल्या पानापाचोळ्यासोबत, आणि त्यात समुद्री कवचं नसतात किंवा फार कमी असतात. वादळाची लाट आणते ती पुळणीची वाळू, शिंपल्यांच्या तुकड्यांसह. त्सुनामी आणते तीही तशीच, म्हणूनच दोघींना वेगळं करणं इतकं अवघड. आणि चौथी वाट म्हणजे बांध फुटणं, जे गावात विचारल्यावरच कळतं. लोहचुंबक फिरवून काळे कण किती चिकटतात ते बघा, पण त्यावरून एकट्यावरून काही म्हणू नका. आपल्या काळ्या कातळातून आलेले जड कण नदीही आणते आणि पुळणीवरही साचतात.

सराव करायचा तर माहीत असलेल्या घटनेपासून करा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा पाणी ओसरल्यावर घराघरांत गाळ राहिला होता. जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, मे २०२१ चं तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं. काठावर उथळ खणून या तीन घटनांचे थर शोधा. सापडले तर त्यांची जाडी, कड, रंग नीट शिका. सापडले नाहीत, तर कुठे सापडत नाहीत आणि का, ते लिहा. मोठा पूर येऊनही एखाद्या जागी थर उरत नाही, हे एकदा स्वतः पाहिलं की जुन्या थरांबद्दल बोलताना जीभ सांभाळली जाते.

खोलातला थर खरा म्हणायला मला किमान तीन नळ्या लागतात, एकमेकींपासून पाच-पन्नास पावलांवरच्या. तिन्हीत तो साधारण त्याच खोलीवर, त्याच क्रमाने आला तर पुढे बोलायचं. एकाच नळीत आला तर तो त्या जागेचा, खाडीचा नव्हे.

उरलेला अर्धा

नळी चिरल्यावर दोन अर्धे होतात. नमुने एकातूनच घ्या. दुसऱ्याला अजिबात हात लावू नका. पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, बाहेरून पाइपचा अर्धा भाग तसाच राहू द्या, आणि थंड जागी ठेवा. आज जी तपासणी आपल्याला परवडत नाही ती दहा वर्षांनी शेजारच्या महाविद्यालयात होत असेल, आणि तोवर तुमच्या खाडीत कदाचित नवी जेटी झालेली असेल. सोबत एक चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली, कारण पेन्सिल पाण्याने जात नाही: खाडीचं नाव, जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि तिथी, सुकतीची वेळ, नळी किती आत गेली, गाळ किती दबला, सोबत कोण होतं, जागा कोणी दाखवली. आणि चिठ्ठीखाली, पाइपच्या प्लास्टिकवर, खिळ्याने कोरलेला वरच्या दिशेचा बाण.